परवाची बोट

३ फेब्रुवारी

ताईस,

तुझा पत्ता मला एका पिंपावरून मिळाला.

आमच्या सर्वेक्षणाच्या लाँचवर एक लाइफ राफ्ट आहे. बोट बुडायला लागली तर फुगवायचा तराफा, पांढऱ्या पिंपात घडी घालून ठेवलेला. पिंपावर तपासणीचं लेबल असतं आणि त्यावर तपासणाऱ्याची सही. मागच्या महिन्यात मी दोरी बांधायला वाकले तेव्हा ती सही माझ्या नाकासमोर आली. नाव पावसापाण्याने पुसलं होतं. खालची रेघ शाबूत होती. ती उजवीकडे जाड होती आणि डावीकडे बारीक होत गेली होती, म्हणजे उजवीकडून ओढलेली. सहीखाली अशी उलटी रेघ ओढणारी दुसरी व्यक्ती मला माहीत नाही. वर्कशॉपचा पत्ता खाली छापलेला होता. मुद्दाम चौकशी करावी लागली नाही.

कळवण्याचं कारण असं की ऑफिस मला तुझ्या शहरात पाठवत आहे. मी भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रांचं काम करते. तुमच्या बंदरातलं यंत्र जुनं झालं आहे. नवं बसवायचं, त्याचं शून्य जुन्या शून्याशी जुळवायचं आणि परत यायचं. मुक्काम चार दिवसांचा. यंत्र बसवल्यावर एक अख्खी भरती आणि ओहोटी त्याला एकट्याला मोजू द्यावी लागते. तेव्हा तिसऱ्या दिवशीची दुपार मोकळी आहे.

भेटायचं असेल तर कळव. नसेल तर तेही कळव, म्हणजे त्या दुपारचं मी दुसरं काही ठरवीन.

आई बरी आहे. मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली. आता घरी येणाऱ्या पेपरात लाल पेनाने व्याकरणाच्या चुका काढते. मी अजून घरीच राहते.

तिकडच्या हवेबद्दल सांगण्यासारखं काही असेल तर लिही. माझ्या यंत्राला दमट हवा चालते. माझं माहीत नाही.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘दुपारी मी कामावर असते.’

हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. यात ‘येऊ नकोस’ असं नाही आणि ‘ये’ असंही नाही. आमच्याकडे आकडा असा अधांतरी आला की तो खोडत नाहीत, पुन्हा मोजतात. म्हणून पुन्हा लिहिते.

तुझ्या बंदराचा नकाशा मी टेबलासमोर लावला आहे. कामासाठी. तू असा नकाशा पाहिला नसशील. तो खलाशांसाठी असतो, त्यामुळे त्यात समुद्र भरगच्च आणि जमीन रिकामी. पाण्यात जागोजागी खोलीचे आकडे, खडक, बुडालेल्या बोटी. काठाच्या आत मात्र नुसता फिका पिवळा रंग. त्यात एक मनोरा, एक पाण्याची टाकी, एक उंच चिमणी, बोटीवरून दिसतं तेवढंच. तू राहतेस ते शहर त्या पिवळ्या रंगात कुठेतरी आहे.

डबा खाऊन झाला की मी त्या पिवळ्यात शिरते. रस्ते मीच आखले आहेत. सगळे उताराचे, पाण्याकडे जाणारे. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला आडवं पाणी आणि त्यातून एखादी बोट सरकत जाते, एवढी सावकाश की आधी वाटतं इमारतच बिऱ्हाड हलवते आहे. दुकानं अर्धी मिटलेली. पंखे फिरताहेत, पण हवा जागची हलत नाही. एका गल्लीत खाडी आत आली आहे आणि घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. भरतीला खालच्या पायऱ्या नाहीशा होतात, ओहोटीला हिरव्या होऊन परत येतात. सगळ्यात वरच्या पायरीवर तू बसलेली असतेस, पाठमोरी. हाक काय मारावी याचा मी विचार करते, तेवढ्यात साहेब येतात.

“काय बाईसाहेब, पोचलात का?”

“कुठे?”

“जिथे नजर लागली आहे तिथे. चहावर साय आली.”

बोटीचं तिकीट काढलं म्हणून ते माझ्यावर नाराज आहेत. विमानाने सकाळी निघालं की दुपारी तिथे, बोटीने मध्ये दोन रात्री जातात.

“यंत्र नाजूक आहे, साहेब,” मी म्हणाले.

“मग यंत्राला बोटीने पाठवा. तुम्ही विमानाने जा.”

“त्याला एकटं कसं सोडणार?”

“एवढी काळजी माणसाची केली असती तर एव्हाना तुमच्या घरी पाळणा हलला असता,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आईला मी फक्त शहर कुठलं ते सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, “ऊन फार असतं तिकडे. काल चौतीस होतं.”

“तुला काय माहीत?”

“पेपरात येतं.”

पेपरात पाऊणशे शहरांचं तापमान येतं. मी तिला दुसऱ्या एका शहराचं विचारलं. तिला आठवेना.

मग ती म्हणाली, “तिकडे भेटणार आहेस का कोणाला?”

“काम आहे.”

“मग काम कर. मला काही पर्वा नाही.” आणि झालेली घडी मोडून तिने पुन्हा घातली.

चपला कुठल्या आणू? उतार आहेत का खरंच?

तुझी बहीण


८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी दोन्ही बाजू भरून. मी ते आईला दाखवलेलं नाही.

तू लिहितेस: ‘मी निरोप ठेवला होता. धक्क्यावर सगळ्यांची माणसं आली होती. भोंगा वाजला, दोर सुटले, तरी मी कठड्याशी उभी. माझं एक माणूस आलं नाही. आईने एकच गोष्ट मागितली होती, जाशील तेव्हा सांगून जा. मी सांगितलं. आता सात वर्षांनी भरती मोजायला यायचं झालं तेव्हा तुम्हाला मी आठवले?’

मला यातलं काही माहीत नव्हतं. घरी काय झालं ते सांगते. जेवढं झालं तेवढंच लिहिते.

अध्यापनाचा कोर्स अर्धवट टाकून परक्या बंदरात तराफ्यांना ठिगळं लावायला (हे शब्द आईचे) जायचं, यावरून जे भांडण झालं ते तुला आठवतच असेल. तू सामान घेऊन बंदराजवळच्या हॉस्टेलवर गेलीस त्याला काही आठवडे झाले होते. एका संध्याकाळी खालचे शिंपीकाका वर आले. आपल्याकडे फोन नव्हता, निरोप त्यांच्या दुकानात यायचे. दारातूनच म्हणाले, “थोरलीचा फोन होता. परवाची बोट म्हणाली.” दुकान उघडं टाकून आले होते, लगेच खाली गेले.

आई पेपर तपासत होती. तिने पेन ठेवलं. म्हणाली, “गेली. न सांगता गेली, आणि आता पोचल्यावर फोन करते आहे.”

ताई, आम्हाला वाटलं तू गेलीस. होऊन गेलेल्या परवाच्या बोटीने.

तुझं पत्र वाचल्यावर मी तो शब्द कोऱ्या कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. कालच्या मागचा दिवस परवा. उद्याच्या पुढचा दिवसही परवा. इतकी वर्षं हा शब्द मी रोज वापरते आणि कधी अडखळले नाही. माझ्या यंत्राला हे चालणार नाही. शून्याच्या वर की खाली ते सांगितल्याशिवाय ते पाण्याची उंची लिहूनच घेत नाही. भाषेत ते काम क्रियापद करतं. परवाची बोट होती, किंवा परवाची बोट आहे. काकांनी आणलेल्या निरोपात क्रियापद नव्हतं.

आणि तो निरोप ऐकला कोणी, तर आईने. जिने जन्मभर पोरांच्या वह्यांत ‘क्रियापद कुठे आहे?’ असं लाल शाईने लिहिलं, तिने.

खात्री करायला मी काकांकडे गेले. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांची सवय गेलेली नाही.

“काका, ताईचा तो फोन आठवतो? बोटीचा?”

“न आठवायला काय झालं? परवाची बोट म्हणाली.”

“कुठल्या परवाची?”

“परवाची म्हणजे परवाची. बोटीला काय बाह्या असतात, डावी का उजवी सांगायला?”

“आहे म्हणाली का होती म्हणाली?”

त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली. “मशीन चालू होतं गं तेव्हा,” ते म्हणाले. “का? चुकली का तिची बोट?”

“नाही. बोट मिळाली.”

“मग झालं तर.” त्यांनी पुन्हा पायट्यावर पाय ठेवला, पण मशीन चालवलं नाही. “तुम्ही दोघी त्या दिवशी घरातच दिसलात, तेव्हा मला जरा चमत्कारिक वाटलं होतं,” ते म्हणाले. “पण म्हटलं, घरातली भांडणं. आपण कशाला नाक खुपसा?”

एक गोष्ट मला आता आठवते आहे. त्या निरोपानंतर दोन दिवसांनी, दुपारी, बंदराकडून लांबलचक भोंगा ऐकू आला. मी खिडकीत अभ्यास करत होते. आईने मान वर न करता विचारलं, “कुठली गं?” मी म्हणाले, “असेल कुठलीतरी.” तिने पुढचा पेपर घेतला.

ती तुझी होती. आम्ही ती ऐकली.

काकांना तू फोनवर नेमकं काय म्हणालीस ते आठवून कळव. शब्दन्‌शब्द.

तुझी बहीण


२९ मार्च

ताई,

‘फूटपट्टी, शब्दन्‌शब्द काय मागतेस? बूथबाहेर रांग होती. काका, परवाची बोट आहे, आईला सांगा, असं म्हणाले असेन. नाहीतर नुसतंच परवाची बोट म्हणाले असेन. मी रडत होते गं. व्याकरणाकडे लक्ष नव्हतं.’

हे मी आता आहे तसं मान्य करते. यापेक्षा बारीक मोजता येणार नाही.

सात वर्षांत मला फूटपट्टी कोणी म्हणालं नव्हतं. ऑफिसात मला तेवढं कोणी ओळखत नाही.

तुझं पुढचं पान मी डब्याच्या वेळेला रोज वाचते. ‘धक्क्यावर मी येणार नाही. धक्क्यावर वाट बघायची हौस फिटली. वर्कशॉपला ये. त्या दिवशी मोठा तराफा फुगवलेला असेल. पंचवीस माणसांचा आहे. फुगवून तसाच ठेवून द्यायचा आणि हवा धरतो का बघायचं, एवढंच काम असतं. वरून छत असतं त्याला, नारिंगी. आत बसलं की सगळं नारिंगी होतं, हात, डबा, पाणीसुद्धा. बाहेरचा आवाज आत येतो पण लांबून आल्यासारखा. तुझं यंत्र भरती मोजत बसेल, माझा तराफा हवा धरून बसेल. आपण आत बसू.’

पिवळ्या रंगातलं माझं शहर त्यामुळे बदललं आहे. पायऱ्यांची गल्ली अजून आहे, पण मी आता तिथे थांबत नाही. उतारावरून एका मोठ्या पत्र्याच्या दारापाशी येते. आत सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर एक तराफा बसलेला असतो, समुद्र येण्याची वाट बघत. मी चपला काढून आत शिरते. आत कोण बसलं आहे ते नारिंगी उजेडात दिसत नाही, पण कोणीतरी सरकून जागा करतं.

उतार नाहीत म्हणतेस. तरी मी ते ठेवले आहेत.

आईला मी सांगितलं. परवा, म्हणजे मागचं परवा, सत्तावीस तारखेला. ती पेपरात चुका काढत होती.

“आई, काकांचा तो निरोप आठवतो? थोरलीचा?”

“नाही.” म्हणजे आठवतो.

“ते पुढचं परवा होतं. ती तेव्हा इथेच होती. दोन दिवसांनी गेली. धक्क्यावर आपली वाट बघत होती.”

आईने पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, “क्रियापद?”

“नव्हतं.”

“मी विचारलं नाही?”

“नाही.”

ती उठून गॅलरीत गेली. आपल्या गॅलरीतून बंदर दिसत नाही, समोरच्या इमारतीची टाकी दिसते. ती टाकीकडे बघत उभी राहिली. मी मागे गेले नाही. तिला कोणी मागे यायला नको होतं.

जेवताना तिने विचारलं, “ती काय म्हणते?”

“वर्कशॉपला ये म्हणते.”

“तुला.”

“मला.”

“बरोबर आहे,” आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. मग आतूनच विचारलं, “तुझी बोट कधी आहे?”

मी तारीख सांगितली, वार सांगितला आणि शेवटी ‘आहे’ म्हणाले.

ती तुझ्यासाठी काही देईल असं वाटत नाही. मी मागणार नाही. घरी आता फोन आहे. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. ऑफिसच्या कामासाठी कोणाला लागला तर असावा.

एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ऑफिस मला पाठवत आहे. हे काम दुसऱ्याला मिळालं होतं. मी ते मागून घेतलं. आणि यंत्र तितकंसं नाजूक नाही. मला त्याच धक्क्यावरून निघायचं होतं.

फूटपट्टी


११ एप्रिल, बोटीवर

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. मीच आणते आहे.

जमीन दिसेनाशी झाली आहे. सूर्य अजून बुडालेला नाही, पण पाण्याने रंग टाकला आहे. खोली किती असेल ते मला नकाशावरून सांगता येईल, पण आज मी नकाशा उघडलेला नाही. यंत्र खाली सामानात आहे. त्याला एकटं सोडलं आहे. ते ठीक असावं.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी बॅगेचं कुलूप शोधत होते. फोन आईने घेतला. “हॅलो,” म्हणाली. मग शाळेतल्या आवाजात तिने विचारलं, “कुठलं परवा?”

आणि थोड्या वेळाने, “बरं.”

फोन ठेवून ती माझ्याकडे आली. कुलूप तिच्याच हातात होतं. म्हणाली, “थोरलीचा फोन होता. परवा धक्क्यावर येणार आहे म्हणाली.” आणि मला ऐकू आलं नसेल अशा शंकेने पुन्हा म्हणाली, “येणार आहे.”

“आणखी काय म्हणाली?”

“मी विचारलं, कुठलं परवा. तर म्हणाली, पुढचं.”

सात वर्षांनी तुम्ही दोघी बोललात ते एवढंच. मला ते पुरेसं वाटलं. आईलाही वाटलं असावं, कारण नंतर तिने पेपर उघडला आणि त्यात एकही खूण केली नाही.

तू धक्क्यावर येणार नव्हतीस. विचार का बदललास ते विचारणार नाही.

दुपारी मी निघाले. आई म्हणाली, “थांब, चपला घालते.” शाळेत न्यायची ती पर्स घेऊन ती माझ्याबरोबर खाली आली. दुकानासमोर काका उभे होते, शटर ओढलेलं. दिवसाढवळ्या ते शटर बंद मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही तिघं एकाच रिक्षात बसून बंदरावर गेलो, मध्ये माझी बॅग.

तू गेल्यापासून आई बंदराकडे गेलेली नव्हती. तिकडचं काही काम निघालं तर मला पाठवायची.

धक्क्यावर सगळ्यांची माणसं आली होती. मी वर चढले आणि कठड्याशी जागा धरली. खालून काका ओरडले, “थोरलीला सांग, या खेपेला मशीन बंद ठेवून आलो आहे.” आजूबाजूचे बघायला लागले. आईने त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला, वर्गातला.

भोंगा वाजला. दोर सुटले. बोट निघते तेव्हा निघाल्यासारखी वाटत नाही हे तुला माहीत आहे. आधी धक्काच मागे सरकायला लागतो. मी हात हलवला. आईने हलवला नाही. दोन्ही हातांनी पर्स धरून ती उभी होती. मधली पाण्याची पट्टी रुंद होत गेली. मग तिने पर्स काकांच्या हातात दिली आणि उजवा हात वर केला, सबंध, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.

ती माझ्याकडे बघत नव्हती. कठड्याशी माझ्या डाव्या हाताला थोडी मोकळी जागा होती. ती तिकडे बघून हात हलवत होती. मी जरा उजवीकडे सरकले.

चेहरा दिसेनासा झाला तरी तो हात दिसत होता. मग तोही धक्क्यात मिसळला.

तिने तुझ्यासाठी काही दिलेलं नाही. जे होतं ते तिने धक्क्यावर केलं आणि मी ते पाहिलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. बोलायला लागले तर मी यातलं अर्धं गाळीन, तुला माहीत आहे.

आपली भेट परवा आहे. उतरले की आधी हे पत्र तुझ्या हातात देईन, म्हणजे काय बोलायचं हा प्रश्न थोडा पुढे जाईल. तू ते तिथेच उन्हात उभी राहून वाचशील. आज जे झालं ते तोवर परवाचं झालेलं असेल. एकच शब्द दोन्हीकडे पुरतो आहे, आणि मी मध्ये, बोटीत.

आता चुकू नये म्हणून तुझ्यासाठी नीट लिहून ठेवते.

परवा आई धक्क्यावर आली होती.

परवा तू धक्क्यावर येणार आहेस.

क्रियापदं तपासून घे.

फूटपट्टी